बाथरूमचा आरसा, बोस्टनचं ‘भूत’ आणि नीट न पुसलेली काच

गरम पाण्याने अंघोळ झाली की बाथरूमच्या आरशावर वाफ धरते. मग कुणीतरी त्यावर बोटाने नाव लिहितं, बदाम काढतं. थोड्या वेळाने आरसा कोरडा होतो आणि लिहिलेलं गायब होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम पाणी, पुन्हा वाफ, आणि कालचा बदाम जिथल्या तिथे हजर!

यात जादू काही नाही. बोटाला नेहमीच थोडा तेलकटपणा असतो. बोट जिथून फिरलं तिथे त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर काचेवर राहतो. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, तेलकट काचेवर त्याचे बारीक थेंब होतात. दोन्हीकडची वाफ वेगळी दिसते आणि पुसलेलं चित्र परत उमटतं. म्हणजे ‘स्वच्छ दिसणारी काच’ आणि ‘स्वच्छ काच’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आरशाच्या बाबतीत यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. पण १६०-१७० वर्षांपूर्वी फोटो काचेवर निघायचे, तेव्हा याच गोष्टीने फोटोग्राफरांच्या नाकी नऊ आणले होते. एका माणसाला तर याच प्रकरणात थेट कोर्टात उभं राहावं लागलं.

फोटोत आलेली ती मुलगी कोण?

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विल्यम मम्लर नावाचा माणूस दागिन्यांवर कोरीवकाम करायचा. फोटोग्राफी हा त्याचा फावल्या वेळेतला छंद. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एकदा स्वतःचाच फोटो काढला. काच धुऊन बघतो तर आपल्या शेजारी एका मुलीची धूसर आकृती! खोलीत तर तो एकटाच होता.

मम्लरने पुढे सांगितलं, की त्याची पहिली शंका अगदी साधी होती. काच आधी वापरलेली असणार, नीट साफ झाली नसणार आणि जुन्या फोटोची छाया नव्यात आली असणार. पण बातमी बाहेर फुटली, परलोकावर विश्वास ठेवणाऱ्यांपर्यंत पोचली आणि ही त्याच्या वारलेल्या चुलत बहिणीची आकृती आहे असं ठरलं. मम्लरनेही मग काचेची गोष्ट सोडून दिली आणि ‘आत्म्यांचे फोटो’ काढायचं दुकानच थाटलं.

पुढे काय झालं ते शेवटी पाहू. आधी प्रश्न असा, की त्याची पहिली शंका खरी असू शकते का? काच नीट साफ केली नाही म्हणून जुना चेहरा खरंच परत येऊ शकतो?

येऊ शकतो. कसा, ते कळण्यासाठी त्या काळी काचेवर फोटो कसा निघायचा ते पाहावं लागेल.

ओल्या काचेवरचा फोटो

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ मध्ये ही पद्धत जाहीर केली. तिचं नाव वेट प्लेट कलोडियन. आर्चरने तिचं पेटंट घेतलं नाही. जगभरच्या फोटोग्राफरांनी तिच्यावर पैसे कमावले आणि आर्चर १८५७ मध्ये गरिबीतच वारला.

कलोडियन म्हणजे नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्राव. त्या काळी डॉक्टर तो जखमेवर लावायचे, वाळला की त्याचं पातळ कातडं तयार व्हायचं. आर्चरने त्यात आयोडाइड क्षार मिसळले आणि तो काचेवर ओतला. काच हळूहळू चारही कोपऱ्यांकडे कलती करायची, म्हणजे द्राव सगळीकडे सारखा पसरतो. उरलेला एका कोपऱ्यातून परत बाटलीत जातो. डोसा पसरवायला पळी असते, इथे फक्त मनगट असतं.

मग काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटं बुडवायची. थराला प्रकाशाची जाण येते. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. थर वाळला की खेळ संपला. त्यामुळे सगळं साधारण दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागतं. ईथर जेमतेम ३५ अंश सेल्सियसला उकळतं, तेव्हा विदर्भातल्या मे महिन्यात हे काम करणाऱ्याच्या हातात किती वेळ उरत असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

ही पद्धत आपल्याकडेही लवकर आली. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. १८६३ मध्ये भारतात आलेला सॅम्युअल बोर्न तर काचा, रसायनं आणि अंधारकोठडीचा तंबू हमालांच्या पाठीवर लादून हिमालयात फिरला.

आणि ही पद्धत मेलेली नाही. मोबाइलवर क्षणात फोटो निघत असतानाही जगभर अनेक जण हौसेने काचेवर फोटो काढतात. अशा जुन्या, हाताने करायच्या सगळ्या पद्धतींना मिळून आज अल्टरनेटिव्ह फोटोग्राफी म्हणतात. इन्स्टाग्रामवर धुताना हळूहळू उमटणारा चेहरा दाखवणारे रील्स तुम्ही कधी ना कधी पाहिले असतीलच. रील अर्ध्या मिनिटाचं असतं. त्याआधी एक काच घासण्यात गेलेली दहा-पंधरा मिनिटं त्यात कुणी दाखवत नाही.

मळ फोटोत का दिसतो?

आता मुख्य मुद्दा. कॅमेऱ्यात प्रकाश पडला की थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके छोटे. मग त्यावर हिराकसाचं, म्हणजे फेरस सल्फेटचं द्रावण ओततात. काचेवर सिल्व्हर नायट्रेट ओलं असतंच. हिराकस त्यातली चांदी मोकळी करतं आणि ही चांदी जाऊन बसते ती आधीच्या सूक्ष्म कणांवर. कण वाढत जातात आणि चित्र दिसू लागतं.

गोम अशी, की मोकळी झालेली चांदी बसायला जागा शोधत असते. ती जागा प्रकाशाने केलेलीच असली पाहिजे असं काही नाही. धुळीचा कण असो, बोटाचा ठसा असो की जुन्या फोटोतल्या चांदीचा उरलासुरला अंश, तिला सगळं चालतं. म्हणून नुसत्या डोळ्यांना आरपार दिसणाऱ्या काचेवर फोटो धुताना अचानक अंगठ्याचा ठसा उमटतो, फडक्याच्या फराट्यांचे पट्टे दिसतात. धुळीच्या कणापासून निघालेल्या शेपटीच्या डागाला तर फोटोग्राफर धूमकेतूच म्हणतात.

जुनी काच खरवडून, धुऊन पुन्हा वापरणं त्या काळी सर्रास चालायचं, कारण चांगली काच महाग होती. त्यामुळे मागच्या गिऱ्हाइकाची पुसट छाया पुढच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे उगवणं हा फोटोग्राफरांच्या ओळखीचा त्रास होता.

दुसरा त्रास जास्त खर्चिक. कलोडियन काचेला रासायनिकरीत्या चिकटत नाही, ते नुसतं बिलगून बसतं. मध्ये तेलकट थर असेल तर धुताना पाणी कडेकडून आत शिरतं आणि अख्खं चित्र ओल्या सायीसारखं उचललं जातं. चेहरा छान उमटलेला, उजेड बरोबर, समोरचा माणूस दहा सेकंद पुतळ्यासारखा बसलेला, आणि सगळं डोळ्यांदेखत मोरीत वाहून जातं. त्यातून काचेवरचा मळ सिल्व्हर नायट्रेटच्या भांड्यात उतरतो आणि पुढच्या सगळ्या काचांवर धुकं आणतो. एका काचेचा आळस दहा काचांना भोवतो.

मग काच साफ करायची कशी?

सुरुवात कडांपासून. काचवाल्याने कापून दिलेल्या काचेची कड ब्लेडसारखी असते. ती धार लावायच्या दगडावर पाण्याचा हात देत चारही बाजूंनी घासून मोडतात. एक तर बोटं वाचतात आणि दुसरं म्हणजे खरखरीत कडेला कलोडियन जास्त घट्ट धरतं. नवे लोक हीच पायरी गाळतात आणि त्यांचेच थर कडेकडून सुटतात.

मग साधी धुलाई. धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट आणि भरपूर पाणी. कारखान्यातून आलेल्या काचेवर कापताना वापरलेलं तेल, हाताचे ठसे आणि पॅकिंगची पूड असते, ती यात जाते. पण साबणाचाही एक थर मागे राहतो, त्यामुळे काम इथे संपत नाही. बाजारात मिळणारे काचेचे स्प्रे वापरावेत का? खिडकीसाठी जरूर. फोटोच्या काचेसाठी नको, कारण त्यांतला सुगंध आणि चमक आणणारी द्रव्यं मागे राहतात. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या कागदाने आरसा पुसायची पद्धत आहे, तीही इथे उपयोगाची नाही. शाई हवीये कुणाला?

खरं काम करते ती खडूची पूड, म्हणजे बारीक कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आणि अल्कोहोल साधारण सारखं घेऊन त्यात ही पूड मिसळतात, दाट ताकासारखी होईल इतपत. अल्कोहोल तेलकटपणा सोडवतं आणि पूड तो ओढून घेते. शिवाय ती काचेपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. १९ व्या शतकातली पुस्तकं यासाठी रॉटनस्टोन किंवा ट्रिपोली नावाच्या मऊ दगडाची पूड सांगतात. काही तर नायट्रिक आम्लात काच बुडवायला सांगतात. घरी तो उद्योग करू नये.

इथे एक सावधगिरी. फळ्यावर लिहायचा खडू बऱ्याचदा जिप्समचा असतो, त्याला खडूची पूड समजू नका. रांगोळी आणि भांडी घासायची पावडर तर अजिबात नको, त्यांतली कच काचेवर रेघा ओढते. एक-एक रेघ फोटोत दिसते.

हे ताक काचेवर ओतून कापसाच्या बोळ्याने गोल गोल घासायचं. दोन्ही बाजू आणि चारही कडा. काचेवर पांढरा थर वाळू द्यायचा. मग दुसऱ्या, कोरड्या सुती फडक्याने तो पुसायचा आणि शेवटी तिसऱ्या, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या फडक्याने चमकवायचा. फडकं बरंच धुतलेलं, जुन्या धोतरासारखं मऊ असलं तर उत्तम, त्याचे धागे सुटत नाहीत. पण ते मऊपणा आणणाऱ्या सुगंधी द्रवात धुतलेलं नको. तो द्रव म्हणजे कापडावर चढवलेला मेणचट थरच असतो आणि तो काचेवर उतरतो. या एका गोष्टीपायी लोकांनी महिनोन् महिने रसायनांना दोष दिल्याचे किस्से या छंदात ऐकायला मिळतात.

यानंतर काच फक्त कडांनी धरायची. गालाला, केसांना, शर्टाला लागू द्यायची नाही.

‘हा’ करून बघा

झाली का साफ? याची परीक्षा फुकट आहे आणि ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. चष्मा पुसताना करतो तसं काचेवर तोंडाने ‘हा’ करायचं. वाफेचा थर सगळीकडे एकसारखा, करडा, रेशमी दिसला आणि सगळीकडून सारख्याच वेगाने उडून गेला तर काच तयार. मध्ये डाग, रेघ, गोल दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.

वाफेतल्या या आकृत्यांनी चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांना वेड लावलं होतं. १८४२ मध्ये लुडविग मोझर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की चकचकीत पृष्ठभागावर नाणं ठेवून उचललं आणि तिथे वाफ सोडली तर नाण्याची आकृती दिसते. त्याला वाटलं हा कुठल्यातरी अदृश्य प्रकाशाचा खेळ आहे. तो अर्थातच मळाचा खेळ होता. पुढे १९११ मध्ये लॉर्ड रॅले या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञानेही या आकृत्यांवर ‘नेचर’मध्ये लिहिलं.

शास्त्र थोडक्यात असं. काच मुळात सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जाळी असते. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि त्यांना पाणी आवडतं. म्हणून अगदी स्वच्छ काचेवर पाण्याचा अखंड पापुद्रा पसरतो. तेलाचा एका रेणूइतका जाड थर आला तरी या जोड्या झाकल्या जातात आणि पाणी थेंबाथेंबांत गोळा होतं. ‘हा’ केल्यावर आपण प्रत्यक्षात हेच बघत असतो.

अंड्याचा आधार

एवढं करूनही भरवसा नसेल तर जुना उपाय अंड्याचा. एका अंड्याचा पांढरा भाग अर्धा ते एक लिटर पाण्यात फेटायचा, गाळायचा आणि त्याचा पातळ हात काचेवर, निदान कडांवर तरी फिरवायचा. वाळल्यावर हा थर काच आणि कलोडियन या दोघांनाही धरून ठेवतो. मात्र कोणत्या बाजूला अंडं लावलंय याची खूण करून ठेवावी लागते, वाळल्यावर ते ओळखू येत नाही. आणि अंड्याखाली मळ राहिला तर तो तिथेच पक्का होतो, त्यामुळे घासण्यातून सुटका नाहीच.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि हळूहळू ओल्या काचेचा जमाना मागे पडला. पण काच साफ करायचं काम गेलं नाही, ते फोटोग्राफरच्या घरातून कारखान्यात गेलं. आज स्वतः जिलेटिनच्या काचा बनवणाऱ्यांना तर ते जास्तच छळतं, कारण जिलेटिन पाण्यात फुगतं. उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट आलं की त्याच्या कडांना झालरी पडतात आणि थर सुटतो.

आपल्या हवेत आणखी एक शत्रू आहे तो म्हणजे पावसाळा. काचा एकावर एक रचून दमट जागी ठेवल्या की दोन काचांमध्ये ओल धरते. ती ओल काचेतला सोडियम ओढून घेते, तिथे अल्कली तयार होते आणि ती काचच खाऊ लागते. इंद्रधनुष्यासारखे किंवा पांढरट डाग दिसू लागतात. सुरुवातीचे डाग घासून जातात, मुरलेले जात नाहीत. दुकानात मागच्या बाजूला दोन पावसाळे पडून राहिलेली काच स्वस्त मिळाली तरी घेण्यात अर्थ नसतो तो यामुळे.

एक नवी भानगड आर्चरच्या काळात नव्हती. आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. त्यामुळे प्रत्येक काचेच्या एका बाजूला कथिलाचा अंश असतो. अंधारात लघुलहरी अतिनील दिवा धरला तर ती बाजू दुधी चमकते. काही जण ही बाजू टाळून दुसऱ्या बाजूवर थर देतात, बरेच जण पर्वा करत नाहीत. दिवा वापरलाच तर डोळ्यांना चष्मा हवा.

आणि डाग आवडणारेही असतात

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे फोटोग्राफीतलं मोठं नाव. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्म, वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला. तिच्या फोटोंत डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, उचकटलेला थर आहे. त्या काळच्या समीक्षकांनी तिच्या हलगर्जीपणाला नावं ठेवली. तिने ते फोटो फेकले नाहीत आणि आज ते मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आजचेही काही कलाकार मुद्दाम काच अर्धवट साफ ठेवतात. पण मुद्दाम सोडलेला डाग आणि न जमल्यामुळे राहिलेला डाग यांतला फरक काच घासता येणाऱ्यालाच साधतो.

मम्लरचं पुढे काय झालं?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. घराघरांत कुणी ना कुणी गेलेलं होतं. ‘तुमचा मुलगा फोटोत येईल’ म्हटल्यावर आया रांगा लावणार नाहीत तर काय? मम्लर नेहमीच्या फोटोच्या कितीतरी पट पैसे घ्यायचा. बोस्टनमध्ये संशय वाढला, कारण त्याच्या काही ‘आत्म्यां’चे चेहरे शहरातल्या जिवंत माणसांसारखे निघाले. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि १८६९ मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला भरला गेला.

सरकारी बाजूने फोटोग्राफर साक्षीला आले. भूत बनवायचे अनेक मार्ग त्यांनी कोर्टाला सांगितले आणि आधी वापरलेली काच हा त्यांतला एक होता. पी. टी. बार्नम या सर्कसवाल्याने तर एका फोटोग्राफरकडून स्वतःचा फोटो काढून आणला होता. त्यात त्याच्या डोक्यामागे अब्राहम लिंकनचं भूत होतं आणि यात कुठलाही आत्मा नाही हे त्याने कोर्टात दाखवून दिलं.

तरीही मम्लर सुटला. भूत बनवता येतं हे सिद्ध झालं होतं, पण मम्लरने ते नेमकं कसं बनवलं हे कुणी सिद्ध करू शकलं नाही. त्याला फसवणूक करताना पकडलं गेलं नसल्यामुळे न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं, वैयक्तिक मत वेगळं असल्याचं सांगूनच.

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या कपड्यातली एक बाई मम्लरकडे आली. त्याच्या सांगण्यानुसार तिने नाव दुसरंच दिलं होतं. फोटोत तिच्या मागे एक उंच, दाढीवाली धूसर आकृती उभी आहे, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून. ती बाई म्हणजे मेरी टॉड लिंकन, खून झालेल्या राष्ट्राध्यक्षांची विधवा. हा तिचा शेवटचा फोटो मानला जातो.